“काही वापरत नाही” असं बाई म्हणते तेव्हा

प्रति,
जिल्हा व तालुका आरोग्य अधिकारी, आणि आशा व आरोग्यसेविकांना कुटुंबनियोजनाचं प्रशिक्षण देणारे सर्व प्रशिक्षक, महाराष्ट्र.

विषय : ‘बाहेर काढण्याच्या’ पद्धतीबद्दल समुपदेशनात स्पष्ट बोलण्याबाबत.

स. न. वि. वि.

घरभेटीत आशाताई विचारते, “काही वापरता का?” बाई म्हणते, “नाही.” नोंदवहीत ‘काहीही नाही’ असं पडतं आणि आशाताई पुढच्या घराकडे वळते. बाई खोटं बोललेली नसते. ‘वापरणं’ म्हणजे वस्तू वापरणं : निरोध, गोळी, तांबी. नवरा वेळेवर, म्हणजे वीर्य सुटण्याआधी लिंग बाहेर काढतो, ही तिच्या लेखी वापरण्यातली गोष्टच नाही. पहिलं मूल तीन वर्षांचं झालं, मग दुसरं कसं राहिलं नाही, असं विचारलं तर ती पदर सावरत म्हणते, “ते सांभाळतात.”

या सांभाळण्याबद्दल आपल्याशी बोलायचं आहे. सरकारी कार्यक्रमाच्या साधनांच्या यादीत निरोध आहे, रोजची माला-एन गोळी आहे, आठवड्याची छाया गोळी, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, तांबी, स्त्रीचं आणि पुरुषाचं ऑपरेशन, तातडीची गोळी, सगळं आहे. बाहेर काढणं त्यात नाही. ते वाटता येत नाही, त्याचा साठा येत नाही, मासिक अहवालात त्याचा रकाना भरत नाही. म्हणून प्रशिक्षणात त्याच्या वाट्याला एक वाक्य येतं : “ही पद्धत विश्वासार्ह नाही.” वाक्य बरोबर आहे. पण जे जोडपं गेली दोन वर्षं याच पद्धतीवर आहे आणि उद्याही राहणार आहे, त्याच्या हातात या वाक्याने काहीच पडत नाही.

आधी कच्चेपणा कबूल करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे, लोक जशी वापरतात तशी ही पद्धत वापरली तर वर्षभरात १०० पैकी सुमारे २० स्त्रियांना दिवस जातात. प्रत्येक वेळी अगदी बिनचूक पाळली तर ४ जणींना. निरोधचे हेच आकडे १३ आणि २ आहेत, गोळ्यांचा नेहमीच्या वापरातला आकडा ७, इंजेक्शनचा ४, तांबीचा १ पेक्षाही कमी. आणि कुठलीच काळजी न घेणाऱ्या १०० पैकी सुमारे ८५ जणींना वर्षात दिवस जातात. म्हणजे ‘काहीही नाही’ आणि ‘बाहेर काढतात’ यांत ८५ आणि २० इतकं अंतर आहे, आणि आपली नोंदवही या दोघींना एकाच ओळीत बसवते.

२० आणि ४ यांच्यामधलं अंतर तर त्याहून बोलकं आहे. ते अंतर चुकांचं आहे, आणि बहुतेक चुका सांगून टाळता येण्याजोग्या आहेत. कुणी सांगतच नाही.

“आमच्याकडे हा प्रश्न उत्तर प्रदेशासारखा नाही,” असं आपण म्हणाल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात कुठलीतरी पद्धत वापरणाऱ्या विवाहित स्त्रिया ६६.७ टक्के होत्या आणि आधुनिक पद्धत वापरणाऱ्या ५६.५ टक्के. मधले दहा टक्के म्हणजे मुख्यतः ‘सुरक्षित दिवस’ आणि बाहेर काढणं. उत्तर प्रदेशात ही फट जवळजवळ १८ टक्क्यांची आहे, महाराष्ट्रात जेमतेम अडीच टक्क्यांची. पण आपल्या राज्यातल्या निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यांना या प्रश्नातून वगळलं की उरतात तरुण बायका : नुकतं लग्न झालेल्या, एका मुलानंतर पाळणा लांबवू पाहणाऱ्या. अडीच टक्क्यांचं ओझं त्यांच्यावर आहे, आणि तिथे ते दुप्पट होतं. त्यात आणखी एक गोम आहे. जोडपं दोन पद्धती आलटून पालटून वापरत असेल तर सर्वेक्षण त्यातली अधिक खात्रीची पद्धत धरतं. घरात निरोध असेल त्या दिवशी निरोध आणि संपला की बाहेर, असं करणारी सगळी जोडपी ‘निरोध’मध्ये मोजली जातात. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचं हेच होतं. दिवाळीच्या सुमारास गाव सोडताना आशाताईने दिलेली पाकिटं महिना-दीड महिना पुरतात, हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, आणि फडावरच्या कोपीत जे उरतं ते हेच.

तेव्हा पहिली मागणी प्रश्न बदलण्याची. “काही वापरता का?” याच्या जागी “दिवस राहू नयेत म्हणून तुम्ही दोघं काय करता?” असं विचारायला शिकवा. त्याला जोडून, त्याच सुरात, “ते बाहेर काढतात का? प्रत्येक वेळी, की कधीकधी?” हे शब्द तोंडातून काढायला जड जातात, म्हणून प्रशिक्षणात ते मोठ्याने म्हणून घ्या. ‘खंडित संभोग’ हा पुस्तकी शब्द वहीत लिहून घेणाऱ्या ताईला तो ओसरीवर बसून उच्चारता येत नाही आणि समोरचीला तो कळत नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षांनंतर ‘बाहेर काढणं’ एवढे दोन शब्द सरकारी प्रशिक्षणात अवघड वाटू नयेत.

आता चुका कुठे होतात ते.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. वीर्य सुटण्याचे दोन टप्पे असतात. आधी ते आतल्या आत मूत्रमार्गाच्या मुळाशी येऊन जमतं, मग स्नायूंच्या आचक्यांनी बाहेर फेकलं जातं. पहिला टप्पा सुरू झाला की पुरुषाला ‘आता आलं’ असं वाटतं, आणि नेमकं त्याच क्षणापासून ते त्याच्या हातात राहत नाही. पुढचं दोन-तीन सेकंदांत होऊन जातं. बहुतेक पुरुष ‘आता आलं’ याच खुणेवर निघतात, म्हणजे एक टप्पा उशिरा. पहिल्या आचक्यात शुक्राणू सर्वांत दाट असतात, त्यामुळे ‘थोडंसंच आत पडलं’ या वाक्याला काही अर्थ नाही. निघायचं ते त्या क्षणाच्या आधी : श्वास चढतो, मांड्या आणि ओटीपोट ताठ होतं, अंडकोश वर ओढले जातात, तेव्हा. आणि पूर्ण निघायचं. अर्धवट मागे घेणं, योनीच्या तोंडाशी थांबणं, हे आत सोडण्यासारखंच.

दुसरी चूक जागेची. बाहेर म्हणजे किती बाहेर? जांघेत किंवा योनीच्या तोंडावर पडलेल्या वीर्यातले शुक्राणू ओलाव्यातून आत सरकू शकतात. वीर्य तिच्या अंगापासून दूर, कापडावर जायला हवं. उशाशी जुनं सुती फडकं ठेवणं ही या पद्धतीतली एकमेव ‘सामग्री’. अंधारात ते चाचपडत शोधावं लागलं तर उपयोग नाही, म्हणून आधी ठेवायचं. हाताला लागलेलं पुसून, धुऊन मगच पुन्हा स्पर्श करायचा.

तिसरी चूक दुसऱ्या खेपेची, आणि ही बहुतेकांच्या गावीही नसते. एकदा वीर्य गेल्यावर मूत्रमार्गात थोडं शिल्लक राहतं. तासाभराने पुन्हा संबंध आला की सुरुवातीच्या चिकट पाण्याबरोबर ते आत जातं, मग शेवटी कितीही वेळेवर काढा. उपाय साधा आहे : मध्ये लघवी करून यायची, टोक पुसायचं किंवा धुवायचं. त्याहून बरं म्हणजे दुसऱ्या खेपेला निरोध.

त्या चिकट पाण्याबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. कुणी म्हणतं त्यात काही नसतं, कुणी म्हणतं त्यामुळे ही पद्धत चालूच शकत नाही. ते पाणी मूत्रमार्गालगतच्या कूपर ग्रंथींतून येतं, तिथे शुक्राणू तयार होत नाहीत. पण ब्रिटनमधल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ पुरुषांच्या या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा ११ जणांत शुक्राणू सापडले आणि त्यांतल्या १० जणांचे हलते होते. ज्यांच्यात होते त्यांच्या प्रत्येक नमुन्यात होते, ज्यांच्यात नव्हते त्यांच्यात कधीच नव्हते. याचा व्यवहारातला अर्थ असा की काही पुरुषांच्या बाबतीत ही पद्धत बिनचूक पाळूनही धोका राहतो, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे घरात बसून ओळखता येत नाही. म्हणून ‘सुरुवातीला तसंच, शेवटी निरोध’ हेही चुकीचंच. निरोध चढवायचा तर आत जाण्याआधी.

कुणाला ही पद्धत सांगूच नये? ज्याचं वीर्य लवकर सुटतं त्याला. ज्याला तो क्षण ओळखता येत नाही त्याला, आणि यात नुकतं लग्न झालेली बरीच मुलं येतात. पिऊन येणाऱ्याला. आणि जिच्या शब्दाला घरात मान नाही, अशा बाईने यावर विसंबू नये, कारण पद्धत पूर्णपणे त्याच्या हातात असते आणि दिवस तिला जातात. तिला तांबी किंवा अंतरा यांची माहिती एकटीला गाठून द्या. एचआयव्ही, गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया) यांपासून ही पद्धत कुणालाच वाचवत नाही, हेही त्याच बैठकीत सांगायचं.

नवऱ्याला जमतं की नाही हे तपासायची एक घरगुती रीत आहे. काही आठवडे निरोध लावूनच संबंध ठेवायचा आणि तरीही दरवेळी वेळेआधी बाहेर काढायचं. बाहेर काढताक्षणी निरोधच्या टोकात बघायचं. वीर्य दिसलं तर तो उशिरा निघाला. लागोपाठ दहा वेळा टोक रिकामं आलं नाही, तर त्याने निरोध सोडण्याचा विचार करू नये. आणि दहा वेळा रिकामं आलं तरी जोडी ठेवावी, असं आम्ही म्हणू : पाळी २६ ते ३२ दिवसांनी नियमित येणारी असेल तर पाळीचा पहिला दिवस धरून आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत निरोध, बाकीचे दिवस बाहेर काढणं. पाळी मागेपुढे होत असेल, बाळंतपण नुकतंच झालं असेल, तर हा हिशेब लावू नये.

बाळंतपणाचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण चूक तिथे ठरलेली असते. “बाळ अंगावर पितंय, पाळी आलेली नाही, आणि तेही सांभाळतात,” म्हणून घरातले सगळे निर्धास्त. अंगावर पाजण्याचा भरवसा तीन अटी एकदम पुऱ्या होत असतील तरच : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी अजून सुरू न झालेली. यातली एक अट मोडली की भरवसा संपला. स्त्रीबीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे पाळी न येताच पुन्हा दिवस जाऊ शकतात. सातव्या महिन्यात बाळाला पेज सुरू होते, तेव्हा जोडप्याकडे उरतं ते नुसतं बाहेर काढणं. उष्टावणाच्या सुमाराची एक घरभेट यासाठी राखून ठेवा.

आता फसलं तर. वीर्य आत पडलं किंवा तोंडाशी पडलं, की बाई उठून पाण्याने धुते, उड्या मारते, जोर लावून लघवीला बसते. शुक्राणू काही मिनिटांत गर्भाशयाच्या तोंडातल्या स्रावात शिरलेले असतात, तिथे पाणी पोचत नाही. आतून साबण किंवा डेटॉल लावून फक्त जखम होते. करायचं ते एवढंच : तातडीची गोळी, लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकच, ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली. गोळी घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. क्षयाच्या औषधांत रिफाम्पिसिन चालू असेल किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर या गोळीचा जोर कमी पडतो. अशा बाईला आणि ७२ तास उलटून गेलेलीला पाच दिवसांच्या आत तांबी बसवता येते, ती या कामी गोळीपेक्षा खात्रीची आहे आणि पुढची काही वर्षंही निभावते.

गोळीबद्दल जे हमखास सांगायचं राहून जातं ते हे की ती बीज सुटणं पुढे ढकलते. म्हणजे त्याच महिन्यात, गोळीनंतर चार-सहा दिवसांनी, बाई उलट जास्त धोक्यात असू शकते. गोळी घेऊन पुन्हा बाहेर काढण्यावर आलेलं जोडपं इथे हमखास फसतं. पुढची पाळी येईपर्यंत निरोध, दरवेळी. पाळी आठवडाभर लांबली तर सकाळच्या पहिल्या लघवीवर निश्चय किट (दिवस गेलेत का ते तपासायचं) लावायचं.

त्यापुढची गोष्ट आपल्या अखत्यारीतल्या डॉक्टरांना सांगायची आहे. नको असताना दिवस गेलेली बाई येते, केसपेपरवर ‘साधन वापरलेलं नाही’ असं लिहिलं जातं, वर “मग काळजी का घेतली नाही?” हेही ऐकवलं जातं. गर्भपाताच्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत, एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर, गर्भनिरोधक फसल्याचं कारण चालतं. कायद्याची भाषा कोणतंही साधन किंवा ‘पद्धत’ अशी आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ याऐवजी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असं आहे. बाहेर काढणं ही पद्धत आहे. ती फसली असेल तर तसंच लिहायला हवं. सज्ञान बाईला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही, हेही अजून सगळ्या दवाखान्यांच्या खिडकीपर्यंत पोचलेलं नाही.

उरला पुरुष. ही पद्धत त्याची, आणि तिच्याबद्दलचं सगळं बोलणं आपण बायकांमार्फत करू पाहतो. आशाताईने सुनेला सांगायचं, सुनेने रात्री नवऱ्याला : निरोप तिसऱ्या तोंडी पोचेपर्यंत त्यातला ‘आधी’ गळून ‘वेळेवर’ एवढंच उरतं. हे काम पुरुष आरोग्यसेवकाचं आहे. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर नसबंदी पंधरवडा होतो, तेव्हा निदान तो पुरुषांसमोर उभा राहतो. पाचव्या सर्वेक्षणात देशात पुरुष नसबंदी ०.३ टक्के होती, स्त्रियांची ३७.९. ज्या सभेत कुणी नसबंदीला हात वर करणार नाही, त्याच सभेत बाहेर काढणारे बरेच बसलेले असतात. त्यांना दोन टप्प्यांचा फरक, लघवीचं आणि फडक्याचं सांगायला पंधरा मिनिटं पुरतात. धातू अडून नपुंसकत्व येतं, नस दबते, कंबर धरते, हे प्रश्न तिथे येणारच. त्यांत तथ्य नाही. या पद्धतीने शरीराला अपाय होत नाही. दरवेळी सावध राहण्याचा ताण काहींना होतो, तो खरा आहे, आणि त्यांना निरोधकडे किंवा, मुलं पुरे झाली असतील तर, नसबंदीकडे न्यायला तोच धागा उपयोगी पडतो.

असं केल्याने लोक तांबी-गोळ्या सोडून याकडे वळतील, अशी भीती आपल्यापैकी काहींना वाटते. ज्यांना २० आणि १ यांतला फरक आकड्यांत समजतो ते बहुधा उलट्या दिशेने जातात. आणि जे जात नाहीत ते आजही तिथेच आहेत, फक्त त्यांच्या घरात तातडीची गोळी नाही.

म्हणून पुढच्या मासिक सभेसाठी तीन गोष्टी मागतो. गटप्रवर्तकांनी (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्यांनी) नवा प्रश्न प्रत्येक आशाताईकडून दोनदा म्हणून घ्यावा. पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत ‘काहीही नाही’ लिहिण्याआधी बाहेर काढण्याबद्दल विचारलं गेलं की नाही, याची खूण समासात असावी. छापील रकाना यायला वेळ लागेल, पेन्सिलीची ‘बा’ आजपासून चालेल. आणि ज्या घरापुढे ‘बा’ पडेल तिथे तातडीची गोळी आणि निरोध आधीच ठेवायला द्यावेत. फसतं ते रात्री अकराला. उपकेंद्र उघडतं सकाळी, आणि शनिवारी फसलं तर सोमवारी सकाळी.

कळावे.

आपले,
प्रजनन आरोग्य समुपदेशनाच्या कामातले काही जण

ता. क. : निरोध ठेवायला देताना पत्र्याच्या पेटीत किंवा चुलीमागच्या फळीवर ठेवू नका, एवढं सांगायला विसरू नये. उन्हाने आणि धगीने रबर कडक होऊन फाटतं, आणि फाटलं की जोडपं पुन्हा ‘सांभाळण्या’वर येतं.